टोचरी, चढती, बसकी आणि गुणी

मी तेहतीस वर्षं नंदुरबारच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. एवढ्या काळात मला खरोखर निरुत्तर करणारा प्रश्न एकाच माणसाने विचारला. तो विचारला माझ्या थोरल्या वहिनींनी, ओट्यावर बसून मिरचीचे देठ खुडता खुडता. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि म्हणूनच त्यांना तो सुचला असावा. ज्याला थोडंफार येतं तो अब्रूला भिऊन गप्प बसतो.

वहिनींचं नाव प्रमिलाबाई. कोरीटला आमचं जुनं घर आहे, तिथे त्या आणि माझा भाऊ चुनीलाल राहतात. भावाने आयुष्यात काढलेले शब्द शंभर पानी वहीत मावतील आणि वर दहा पानं कोरी उरतील. बोलण्याचं खातं वहिनींकडे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी दहावीत होतो. आल्याच्या आठव्या दिवशी माझ्या आईने त्यांच्यापुढे वाळलेल्या मिरचीचा ढीग टाकला आणि रोजच्या भाजीची वेगळी, लोणच्याची वेगळी काढायला सांगितलं. नव्या नवरीने दोन तासांत चार ढीग केले. आईने दोनच सांगितले होते. चार कशाला, म्हणून आई चिडली, तर वहिनींनी खाली मान घालून सांगितलं की मिरचीच चार प्रकारची आहे, मी काय करू. त्या दिवसापासून आमच्या घरात मिरचीपुरता शेवटचा शब्द वहिनींचा झाला.

आमच्या भागात मिरची ओळखणाऱ्यांची कमी नाही. नंदुरबारला मोसमात मिरची वाळवायच्या मैलभर लाल पथाऱ्या पसरलेल्या असतात. तिथले व्यापारी रंगावरून भाव करतात, काही नाकाने करतात. वहिनी जिभेने करतात. त्याची त्यांची रीत आहे. सकाळचा चहा उतरून दोन तास झालेले पाहिजेत. मिरची मधोमध मोडायची, बिया झटकायच्या, आतल्या पांढऱ्या शिरेचा नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि डोळे मिटून बसायचं. पाणी अजिबात नाही. झाल्यावर शिळ्या भाकरीचा एक तुकडा चावायचा आणि मगच पुढची मिरची. दिवसाला चार वाण, पाचवं आणणाऱ्याला उद्या यायला सांगायचं, मग तो सरपंच का असेना.

डोळे उघडले की त्या चारांपैकी एक नाव घेतात. टोचरी म्हणजे ओठाला टोचून लगेच निघून जाणारी. चढती म्हणजे आधी काहीच नाही, मग हळूहळू कानशिलापर्यंत चढणारी. बसकी घशात ठाण मांडते, उठता उठत नाही. आणि चौथी गुणी. गुणी मिरची रंग देते, भाजीत मिसळून जाते, कोणाला त्रास देत नाही. ही नावं कोणत्याही बाजारात नाहीत. ती वहिनींनी ठेवलेली आहेत, पण आता गावातल्या पोरीबाळीही तीच वापरतात.

सहा-सात वर्षांपूर्वी त्यांनी गावातल्या दहा बायका जमवून गट काढला. मिरची निवडायची, वाळवायची, कांडायची आणि पाकिटं भरून विकायची. त्याआधी यातल्या बहुतेक जणी मोसमात नंदुरबारच्या पथारीवर देठ खुडायला जात. सकाळी रिक्षात कोंबून जायचं, दिवसभर खोकत बसायचं आणि संध्याकाळी हाताची आग घेऊन परत यायचं. गटामुळे काम दाराशी आलं, पण वर्षातले चारच महिने. बाकी आठ महिने पुन्हा जिकडेतिकडे. वहिनींना काम बाराही महिने हवं होतं. ते मिळायची वेळ मागल्या हिवाळ्यात आली.

पुण्याच्या एका कंपनीतून चारुलता नावाची बाई आली. तिशीची, पायात बूट, बोलणं चटपटीत. गावोगावचा मसाला गोळा करून शहरात आणि परदेशात विकायचा, हे तिच्या कंपनीचं काम. तिला वहिनींची चार नावं फार आवडली. चार वाणांची चार पाकिटं करू, वर मराठी नाव, खाली परक्या माणसाला कळावं म्हणून इंग्रजी शब्द, आणि दळणं-भरणं सगळं गटानेच करायचं, वर्षभर, असा तिचा बेत होता. खाली काय लिहायचं, असं वहिनींनी विचारलं. चारुलता म्हणाली, सगळ्यांवर ‘हॉट’ लिहू, सोपं आहे.

"चार सुनांले एकज नाव ठेवस का कोनी?" वहिनी म्हणाल्या.

चारुलता हसली. पण वहिनी विनोद करत नव्हत्या. मग असं ठरलं की चार इंग्रजी शब्द आम्ही शोधून द्यायचे. आम्ही म्हणजे मी. घरात इंग्रजीचा निवृत्त मास्तर असताना आणखी कोणाकडे जाणार?

खरं सांगतो, मला हे काम अर्ध्या तासाचं वाटलं. नंदुरबारहून जाडा शब्दकोश घेऊन गेलो, ओट्यावर खुर्ची टाकली, चष्मा चढवला. वहिनींची सून रुचिका वही घेऊन शेजारी बसली. माझा पुतण्या नवनीत अक्कलकुव्याला नोकरी करतो, शनिवारी घरी येतो. त्याची ही बायको. माहेर बारडोलीकडचं, वडील तिकडे साखर कारखान्यात. गटाचे फोन, फोटो, पाकिटावरचा मजकूर हे सगळं तीच बघते, कमी बोलते आणि अक्षर मोत्यासारखं काढते. मी तिला धडाधड शब्द सांगितले. स्पायसी, पंजंट, शार्प, फायरी, पेपरी, बायटिंग, पिकंट. सातच काय, आणखी सात सांगितले असते. वर्गात मी हे शब्द फळ्यावर उभे लिहीत असे, समोर लिहीत असे ‘तिखट’, आणि पोरं पाठ करत. मार्क पडत होते, माझी तक्रार नव्हती.

वहिनींनी हातातली मिरची खाली ठेवली.

"भाऊ, हाई एकेक कोठे लागस, कव्हय लागस आनि कव्हय उतरस, इतलं सांगा."

कुठे लागतं, कधी लागतं आणि कधी उतरतं, एवढंच त्यांना हवं होतं. मी शब्दकोश उघडला. स्पायसी म्हणजे तिखट, पाहा हॉट. हॉट म्हणजे तिखट, पाहा पंजंट. पंजंट म्हणजे तीव्र, तिखट, पाहा शार्प. शार्पपाशी गेलो तर तो मला पुन्हा पहिल्या ठिकाणी पाठवायला तयार. अर्धा तास पानं उलटली आणि कपाळाला घाम आला, मिरचीला हात न लावता.

"हाई तं कचेरी शे," वहिनी म्हणाल्या. "ह्या टेबलवाला त्या टेबलकडे धाडस."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, ते मी लपवत नाही. तेहतीस वर्षं ज्याच्या जिवावर पगार खाल्ला त्या पुस्तकाला ही बाई कचेरी म्हणते. पण घरी परतताना रिक्षात बसून विचार केला आणि माझाच मला राग आला. वहिनींनी विचारलेलं मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. शब्दांच्या शेजारी शब्द ठेवले होते, जिभेवर एकही ठेवला नव्हता.

मग मी वेगळ्या बाजूने गेलो. त्या रात्री नाही, रात्री मी झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी पाठ्यपुस्तकं, कथा, वर्तमानपत्रं काढली आणि कोणता शब्द कोणाच्या संगतीत दिसतो ते टिपत बसलो. माणूस संगतीवरून कळतो, तसा शब्दही कळतो. तीन दिवसांनी दहा पानं टिपणं घेऊन कोरीटला गेलो.

शार्प हा शब्द सुई, चाकू, लिंबू आणि लागेल असं बोलणं यांच्याबरोबर फिरतो, झटकन येतो, झटकन जातो, असं मी सांगितलं. वहिनींनी दुसऱ्या वाक्याची वाट न पाहता टोचरीच्या ढिगाकडे बोट केलं. फायरी आगीतून आलेला, आणि आग खालून वर जाते, म्हणून तो चढतीला गेला. पंजंट मात्र अडला. मी म्हटलं, हा शब्द धुराबरोबर आणि वासाबरोबर दिसतो, जिभेआधी नाकाला कळतो, घसा धरतो. वहिनींनी गटातल्या वत्सलाबाईंना चूल पेटवायला लावली आणि गरम तेलात एकेका वाणाची चिमूट टाकून पाहिली. तिसऱ्या चिमटीला आम्ही सगळे तोंडाला फडकं लावून अंगणात पळालो. माझा भाऊ चुनीलालही खाट सोडून बाहेर आला, जे सहसा घडत नाही. ती बसकी होती. पंजंट तिला मिळाला.

राहिली गुणी. मी आत्मविश्वासाने ‘माइल्ड’ म्हटलं. सौम्य हवेला माइल्ड म्हणतात, किरकोळ तापाला म्हणतात, साबणाला म्हणतात. वहिनींनी विचारलं की म्हणजे मवाळ का? त्यांच्या आवाजात संशय होता, कारण आमच्याकडे मिरचीला मवाळ म्हणणं म्हणजे पिकवणाऱ्याच्या तोंडावर काढलेला दोष. मी घाईने सांगितलं की तसं नाही, सभ्य असं समजा. सभ्य म्हटल्यावर त्या मानल्या. रुचिकाने चौघींची नावं आणि चार शब्द सुंदर अक्षरात लिहिले. ती लिहिताना क्षणभर थांबली होती, हे मी पाहिलं होतं, पण मला वाटलं, स्पेलिंग आठवत असेल.

नमुन्याची पाकिटं पुण्याला गेली. कंपनीच्या स्वयंपाकघरात पंधरा माणसांनी ती चाखायची होती. दहा दिवसांनी चारुलताचा फोन आला आणि रुचिकाने तो आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. टोचरी, चढती, बसकी यांच्याबद्दल तक्रार नव्हती. शब्द वाचून लोकांनी बेताने घेतलं आणि शब्दात होतं तसंच झालं, याचं उलट कौतुक होतं. घोळ गुणीचा झाला. पाकिटावर माइल्ड वाचून लोकांनी चमचे भरभरून घातली. एकाला दूध प्यावं लागलं, एक बाई रडत घरी गेली आणि मोठ्या साहेबांची उचकी तासभर थांबली नाही.

साहेबांनी निकाल दिला होता. या लोकांच्या जिभेवर विश्वास ठेवता येत नाही. मिरची चांगली आहे, पोत्यांनी घेऊ. दळणं, भरणं, नाव देणं आपण इथे करू, आणि सगळ्यांवर एकच शब्द घालू, एक्स्ट्रा हॉट. चारुलता स्वतः गुरुवारी येणार होती. तोपर्यंत आम्ही चारही शब्द खरे करून दाखवले तर ती साहेबांशी भांडायला तयार होती. नाहीतर पोत्यांचा करार, आणि अकरा बायकांचं काम गेलं.

फोन बंद झाला. वत्सलाबाई उठून कारण नसताना अंगण झाडायला लागल्या. मी म्हटलं, चूक माझी आहे, माइल्ड शब्द मी दिला, एक्स्ट्रा हॉट तर एक्स्ट्रा हॉट, निदान मिरची तरी जाईल. खरं तर मला तिथून पळायचं होतं. वहिनी बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसल्या. सत्तेचाळीस वर्षांत त्यांच्या जिभेला कोणी खोटं म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता ही बाई खचली. पण त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा अगदी शांत होता.

"मन्ही जीभ खोटी नही," त्या म्हणाल्या. "पन ती कोरीटनी शे."

मग त्यांनी मला समजावलं. आपण दात यायच्या आधीपासून तिखट खातो. आपली गुणी जिथे सुरू होते तिथे पुण्याच्या माणसाचं जेवण संपलेलं असतं. जीभ बरोबर सांगते, पण ती मोजायला उभी राहते तो ओटाच उंच आहे. तेव्हा खाली उभं राहणारी जीभ पाहिजे. फिक्कं खाणारी माणसं शोधा, त्यांना जेवायला बोलवा, आणि ती जे सांगतील त्यावरून गुणीचा शब्द ठरवू.

म्हणायला सोपं होतं. बुधवारी दुपारी मी तिघांना घेऊन गेलो. बँकेतला नवा अधिकारी रत्नागिरीचा, नारळ आणि कोकम यांच्यावर वाढलेला. औषधांच्या दुकानाचे शेठ, ज्यांच्या घरी वरणात गूळ पडतो. तिसरे माझे शेजारी, पित्ताचे जुने रोगी. वहिनींनी गुणी मिरची घालून साधी वांग्याची भाजी केली, भाकरी वाढली आणि समोर बसून विचारलं, कशी लागली? बँकेचा अधिकारी रुमालाने मान पुसत म्हणाला, छान आहे, बिलकूल तिखट नाही. शेठ म्हणाले, आमच्या घरी याहून तिखट असतं. पित्तवाले शेजारी डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलून आणखी भाजी मागत होते. त्या दिवशी चूल तर बाहेर अंगणात मांडली होती.

यात त्यांचाही दोष नाही. आमच्या गावात जावई पहिल्यांदा जेवायला आला की ताटात ठेचा वाढतात आणि सगळं घर त्याच्या हाताकडे बघतं. तो पाण्याच्या तांब्याकडे गेला की संपलं, त्याची पोरं मोठी झाली तरी ती गोष्ट सांगितली जाते. इथे दोन दिवस राहिलेला माणूसही हे शिकतो. खानदेशात माणूस चोरी कबूल करेल, कर्ज कबूल करेल, तिखट लागलं म्हणून कबूल करणार नाही. पाहुणे ढेकर देऊन गेले आणि वहिनींनी ताटं उचलताना आपटली.

"कपायले घाम, डोयाले पानी, आनि तोंड म्हनस गोड शे. ह्या मानसंना काय उपेग?"

गुरुवारी अकरा वाजता चारुलता आली. बरोबर पोत्यांच्या कराराचा कागद आणलाच होता. गटाच्या अकरा जणी ओट्यावर बसल्या होत्या. मी माझी दहा पानं पुन्हा काढली आणि माइल्डच्या बचावाचं भाषण सुरू केलं, तर वहिनींनी हाताने थांबवलं. त्यांनी चारुलताला सरळ सांगितलं की तीन शब्द खरे आहेत, चौथा चुकला, आणि चौथा बरोबर करायला मला एक खरं बोलणारी जीभ मिळत नाही. तूच चाखून बघ. चारुलताने हात जोडले. तिला डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं. मसाल्याच्या कंपनीत नोकरी आणि तिखट बंद, यावर मला हसू येत होतं, पण ती वेळ हसण्याची नव्हती. चारुलताने वाईट वाटतंय असं दोनदा म्हणून कागद पुढे केला. आसपास कोणीच नाही का, तिने विचारलं. वहिनी म्हणाल्या, गावात एकही माणूस खरं सांगायला तयार नाही.

रुचिका दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला.

"आई, माले लागस तिखं," ती म्हणाली. "गुणीबी लागस. पहिला दिनथीन."

मला आधी कळलंच नाही की ती काय म्हणतेय. काखेत कळसा अन् गावाला वळसा, आणि वळसा घालणारा मी, रत्नागिरीचा माणूस धरून आणणारा. सहा वर्षं ही पोर आमच्यात जेवत होती. तिच्या माहेरी आमटी गोड, भाजीत मिरची नावाला. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात तिच्या घशात आग पडली आणि वहिनींनी विचारलं, कशी झाली? ती म्हणाली, चांगली. मग ते उत्तर बदलायची वेळ कधी आलीच नाही. ती भाजीचा रस बाजूला सारून फोडी खायची, नाहीतर ताक घ्यायची. हे सगळं तिने आमच्यासमोर, परक्या बाईसमोर, थांबत थांबत सांगितलं. नवनीतलाही माहीत नव्हतं. ज्या घराचं नावच मिरचीवर, त्या घराच्या सुनेला तिखट सोसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं, असं ती म्हणाली.

वहिनींनी गुणीची एक मिरची उचलली, मोडली, बिया झटकल्या आणि शिरेचा तुकडा स्वतःच्या हाताने रुचिकाच्या तळहातावर ठेवला. म्हणाल्या, सांग.

रुचिकाने डोळे मिटले. बसायची पद्धत हुबेहूब वहिनींची होती; सहा वर्षं बघतच होती ती. ओठाला काही नाही, ती म्हणाली. जिभेलाही नाही. आता कानामागे ऊब आली. चटका नाही, ऊन अंगावर घेतल्यासारखं. एका घासाला इतकंच असतं, पण तिसऱ्या-चौथ्या घासापर्यंत ती उतरत नाही, साठत जाते, म्हणून चमचा भरून घातली की माणूस रडतो. मग तिने न विचारता बाकीच्या तिघीही चाखल्या आणि एकेकीचं असं बारीक वर्णन केलं की चारुलता कागदाच्या पाठीवर भराभर लिहायला लागली. टोचरी किती सेकंद टिकते, चढती कोणत्या घासाला कळते, बसकीवर दही चालतं पण पाणी चालत नाही. आम्हाला जे जाणवतही नव्हतं ते तिने सोसून पाठ केलेलं होतं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एखाद्या शब्दाचा अर्थ इतका नीट ऐकला नव्हता.

शेवटी तिने माझ्याकडे वळून विचारलं की काका, भाजत नाही पण ऊब देते आणि साठत जाते, याला इंग्रजीत काय म्हणतात? शब्द माझ्याजवळ होता. शब्दकोशात हॉटच्या नोंदीतच होता, आणि मी तो साधा म्हणून सोडून दिला होता. वॉर्म, मी म्हटलं. शाल, गोधडी, चहा, मायेचा माणूस, यांच्याबरोबर दिसतो. चारुलताने तो मोठ्या अक्षरात लिहिला. खाली रुचिकाच्या सांगण्यावरून सूचना घातली, अर्धा चमचा पुरे. तिने सहज विचारलं की मग माइल्ड कोणत्या पाकिटाला ठेवायचं?

"माइल्ड आम्हना वावरमा पिकत नही," वहिनी म्हणाल्या. "हाऊ शब्द काढी टाका."

चारुलताने तिथूनच साहेबांना फोन लावला आणि अंगणात फेऱ्या मारत वीस मिनिटं बोलली. आम्ही तिच्या बुटांचा आवाज ऐकत बसलो. परत आली तेव्हा तिने पोत्यांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि दुसरा काढला. दळणं, भरणं, नावं, सगळं कोरीटला, बारा महिने. वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. माझा भाऊ चुनीलाल खाटेवरून म्हणाला, बरं झालं. त्याच्या हिशेबाने ते भाषण होतं.

बायका चहाला वळल्या तेव्हा वहिनी रुचिकाजवळ जाऊन बसल्या. मी जवळच होतो, म्हणून मला ऐकू आलं. त्यांचा आवाज एवढा बारीक झालेला मी पूर्वी ऐकला नव्हता.

"सहा वरीस मी मिरचीले इचारं," त्या म्हणाल्या. "तुले नही इचारं."

रुचिकाने नुसतं डोकं त्यांच्या खांद्याला टेकवलं. मी उगीचच माझी दहा पानं आवरायला लागलो.

कागद भरायचा राहिला होता. इंग्रजी फॉर्म म्हणून तो माझ्याकडे आला. गटाचं नाव, गाव, तालुका, बायकांची संख्या असं लिहीत मी शेवटच्या ओळीशी आलो. तिथे चव तपासणाऱ्या व्यक्तीचं नाव विचारलं होतं. दर पाकिटावर ते छापलं जाणार होतं. मी न विचारता प्रमिलाबाई असं लिहायला घेतलं. वहिनींनी वाकून पाहिलं, अक्षरं वाचता येत नव्हती तरी काय चाललंय ते त्यांना कळलं. रुचिकाचं लिहा, म्हणाल्या. रुचिका कासावीस झाली, आई, तुमचंच पाहिजे, निदान आधी तुमचं, असं म्हणत कागदावर हात ठेवायला लागली. सगळ्या जणी बघत होत्या. वहिनींनी तिचा हात बाजूला केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या:

"मन्हं नाव कसाले लिखतस, भाऊ? माले तं तिखं लागनं कव्हयज बंद व्हई जायेल शे."